सिस्टरचा बीपी कोण मोजणार?

जळगावहून छत्रपती संभाजीनगरकडे निघाले की अजिंठ्याच्या आधी पहूर लागते. जामनेर तालुक्यातले हे गाव पेठ आणि कसबे अशा दोन भागांत वसलेले आहे. जामनेर, शेंदुर्णी, पाचोरा या बाजूंच्या वाटा इथे महामार्गाला मिळतात. अशा नाक्यावरच्या गावात ग्रामीण रुग्णालयाला उसंत कशी असणार? बाळंतपणाची केस येते, साप चावलेला शेतकरी येतो, कपाशीवर फवारणी करताना चक्कर आलेला मजूर येतो, रस्त्यावरचा अपघात येतो. कोणीही आले तरी सुरुवात एकाच गोष्टीने होते. सिस्टर पुढे येतात, दंडाला पट्टा बांधतात, बीपीचा आकडा कागदावर लिहितात आणि मग डॉक्टर तपासतात.

एका पाळीत एक सिस्टर असे कितीतरी दंड पाहते. पण तिच्या स्वतःच्या दंडाला तो पट्टा शेवटचा कधी बांधला गेला, असे विचारले तर पुष्कळ जणींना आठवावे लागेल. या महिन्यात आम्ही त्याच प्रश्नावर लिहीत आहोत. पहूरच नव्हे, खान्देशातल्या कुठल्याही गावात नर्सिंगचे काम करणाऱ्या भगिनींना आणि त्यांच्या घरच्यांना हा प्रश्न लागू आहे.

आपल्या कुटुंबांशी तर त्याचा थेट संबंध आहे. दहावी-बारावीनंतर एएनएम किंवा जीएनएमचे शिक्षण घेऊन नोकरीला लागलेल्या मुली आता आपल्याही मोहल्ल्यात दिसतात. कोणी सरकारी दवाखान्यात आहे, कोणी खासगी हॉस्पिटलमध्ये, कोणी उपकेंद्रात. आशाताई म्हणून गावभर फिरणाऱ्या भगिनीही आहेत. त्यांच्या पगारावर भावंडांची शिक्षणे झाली, घरे उभी राहिली. त्यांच्या तब्येतीचा हिशेब मात्र घरात फारसा कोणी मांडत नाही. ‘ती तर स्वतःच दवाखान्यात असते, तिला काय सांगायचे?’ असे म्हणून सगळे मोकळे होतात.

न दुखणारा आजार

उच्च रक्तदाबाची मोठी अडचण ही की तो दुखत नाही. ताप आला तर अंग सांगते, दात दुखला तर रात्रभर झोप येत नाही. रक्तदाब मात्र वर्षानुवर्षे वाढलेला राहिला तरी माणूस चालतो, स्वयंपाक करतो, ड्युटी करतो. तेवढ्या काळात हृदय, मेंदू, मूत्रपिंडे आणि डोळ्यांचे पडदे यांच्या रक्तवाहिन्या हळूहळू खराब होत जातात. डोके दुखत नाही म्हणजे बीपी नाही, हा समज म्हणूनच धोक्याचा. मोजल्याशिवाय तो कळत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, देशातील 15 वर्षांवरील स्त्रियांमध्ये सुमारे 21 टक्के आणि पुरुषांमध्ये 24 टक्के जणांचा रक्तदाब वाढलेला किंवा औषधाने आटोक्यात ठेवलेला आढळला. म्हणजे पाच स्त्रियांमागे एक. बीपी हा पुरुषांचा किंवा म्हाताऱ्यांचा आजार आहे, असे समजण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार जगात 30 ते 79 वयाच्या जवळपास 128 कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे आणि त्यांतल्या निम्म्याच्या आसपास लोकांना त्याची कल्पनाच नाही.

शांत बसून नीट मोजलेला रक्तदाब वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा त्याहून जास्त आला, तर डॉक्टर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. घरी मोजताना ही मर्यादा 135/85 धरतात. वरचा किंवा खालचा, दोन्हींपैकी एक आकडा जास्त असला तरी पुरे.

सिस्टरच्याच वाट्याला का?

बीपीची सर्वसाधारण कारणे सर्वांना सारखीच आहेत. वाढते वय, वाढलेले वजन, जास्त मीठ, आईवडिलांकडून आलेला कल, तंबाखू, बैठे जीवन. परिचारिकेच्या कामात यात आणखी काही गोष्टींची भर पडते.

पहिली गोष्ट रात्रपाळी. निरोगी माणूस रात्री झोपला की त्याचा रक्तदाब दिवसाच्या मानाने साधारण 10 ते 20 टक्क्यांनी उतरतो. हृदयाची आणि रक्तवाहिन्यांची ती विश्रांती असते. रात्रभर जागणाऱ्या सिस्टरला ही विश्रांती त्या वेळी मिळत नाही. सकाळी घरी आल्यावर ऊन, गोंगाट, दाराची घंटा आणि घरकाम यांमुळे झोप तुकड्यातुकड्यांत होते. आठवड्याला पाळी बदलली की शरीराचे घड्याळ पुन्हा बिघडते.

दुसरी गोष्ट जेवण. वॉर्ड भरलेला असेल तर डबा तसाच राहतो. मग हाताशी येते ते खाल्ले जाते. चहा-बिस्किटे, फरसाण, वडापाव, रात्री दोन वाजता परत चहा. या सगळ्यात मीठ आणि तेल भरपूर, भाजी आणि फळ जवळजवळ नाहीच.

तिसरी गोष्ट मनावरचा ताण. कमी माणसे आणि जास्त रुग्ण, चिडलेले नातेवाईक, समोर झालेला मृत्यू, आणि त्यानंतर पाच मिनिटांत दुसऱ्या खाटेवरच्या बाईशी हसून बोलणे. हा ताण कोणत्याही रजिस्टरमध्ये लिहिला जात नाही.

चौथी गोष्ट अशी की तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे वेदनाशामक गोळ्या. तासन्तास उभे राहून पाय आणि कंबर दुखते. रुग्ण उचलून पाठ धरते. दुखणे थांबवायला आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी गोळी घेतली जाते. आठवड्यातून तीन-चार वेळा, वर्षानुवर्षे. या प्रकारच्या गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, रक्तदाब वाढवतात आणि काही बीपीच्या औषधांचा परिणामही कमी करतात. ज्या हाताला गोळ्या सहज मिळतात त्या हाताने अधिक जपायला हवे.

हे केवळ अंदाज नाहीत. परिचारिकांच्या आरोग्याचा जगातला एक मोठा अभ्यास अमेरिकेत 1976 साली सुरू झाला. हार्वर्डच्या डॉ. फ्रँक स्पायझर यांनी 30 ते 55 वयाच्या 1 लाख 21 हजार 700 परिचारिकांना त्यात घेतले. दर दोन वर्षांनी टपालाने प्रश्नावली पाठवून त्यांच्या सवयी आणि आजार यांची नोंद होत गेली. परिचारिकाच का निवडल्या? कारण त्या स्वतःच्या आजाराची माहिती अचूक लिहू शकत होत्या. 1989 मध्ये तरुण परिचारिकांचा दुसरा गट घेतला गेला. त्या गटातल्या सुमारे 84 हजार स्त्रियांवरचा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे वजन आटोक्यात होते, ज्या रोज व्यायाम करत होत्या, फळे-भाज्या भरपूर खात होत्या आणि वेदनाशामक गोळ्या क्वचितच घेत होत्या, त्यांच्यात नव्याने बीपी होण्याचे प्रमाण कमी होते. 2016 मध्ये याच परिचारिकांच्या नोंदींवरून असेही दिसले की दीर्घकाळ आलटून-पालटून रात्रपाळी केलेल्यांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा काहीसा जास्त असतो. जगभरच्या स्त्रियांना आज डॉक्टर जो सल्ला देतात, त्यातला बराचसा भाग परिचारिकांनी स्वतःबद्दल भरून दिलेल्या कागदांतून आला आहे. आपल्या सिस्टरांनी त्याचा फायदा आधी स्वतः घ्यावा.

स्त्रीचे बीपी: काही वेगळ्या गोष्टी

गरोदरपणात 20 आठवड्यांनंतर बीपी वाढून लघवीत प्रथिने जाऊ लागली, तर त्याला प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. बाळंतपण झाले की बहुतेकींचा बीपी उतरतो आणि ती गोष्ट विसरली जाते. पण ज्यांना हा त्रास झाला त्यांना पुढच्या आयुष्यात उच्च रक्तदाबाचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त आणि हृदयविकाराचा धोका जवळपास दुप्पट असतो. अशा भगिनींनी मूल पाचवीत गेले, दहावीत गेले तरी दरवर्षी बीपी तपासत राहावे.

गर्भनिरोधक गोळ्यांपैकी दोन संप्रेरके असलेल्या गोळ्यांनी काहींचा बीपी वाढतो. त्या सुरू करण्यापूर्वी आणि सुरू केल्यावर बीपी मोजून घ्यावा. बीपीच्या गोळ्यांपैकी टेल्मिसार्टन, एनालॅप्रिल यांसारखी औषधे गरोदरपणात चालत नाहीत. मूल हवे असेल किंवा पाळी चुकली असेल तर डॉक्टरांना लगेच सांगावे. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये, दुसरी सुरक्षित औषधे मिळतात. पाळी जाण्याच्या वयात, म्हणजे पंचेचाळिशी-पन्नाशीत, बीपी वाढण्याची शक्यता वाढते. नेमके याच वयात सिस्टर ‘सिनियर’ झालेली असते आणि वॉर्डची जबाबदारी तिच्यावर आलेली असते.

नीट मोजणे

ही गोष्ट सिस्टरना शिकवण्याची नाही, असे कोणी म्हणेल. पण दुसऱ्याचा बीपी नियमाने मोजणारी बाई स्वतःचा मात्र उभ्या उभ्या, चहा पीत, बोलत बोलत मोजते. मग आकडा जास्त आला की ‘धावपळीमुळे असेल’ म्हणून सोडून देते. म्हणून नियम परत सांगतो.

आधी अर्धा तास चहा, तंबाखू किंवा मिश्री नको. लघवीला जाऊन यावे. लघवी तुंबलेली असेल तर आकडा वाढतो आणि ड्युटीवरच्या सिस्टर तासन्तास लघवी रोखून धरतात हे आम्हाला माहीत आहे. पाठीला आधार देऊन, पाय जमिनीवर टेकवून पाच मिनिटे गप्प बसावे. पायावर पाय टाकू नये. दंड हृदयाच्या उंचीला टेबलावर टेकलेला असावा. पट्टा बाहीवरून नव्हे, उघड्या दंडावर बांधावा. पडद्याआड स्त्रीनेच मोजायचा असेल तर यात कसलीच अडचण नाही. दंड जाड असेल तर मोठा पट्टा घ्यावा, लहान पट्ट्याने आकडा खोटा वाढतो. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे आणि दोन्ही आकडे तारखेसह लिहावे.

आणखी एक गोष्ट. काहींचा बीपी सुटीच्या दिवशी ठीक असतो आणि ड्युटीच्या दिवशी वाढलेला. सुटीच्या दिवसाचा आकडा पाहून खूश होऊ नये. एकदा ड्युटीच्या दिवशी, एकदा रात्रपाळीनंतर आणि एकदा सुटीला, असे मोजून ते आकडे डॉक्टरांना दाखवावेत.

सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात 30 वर्षांवरील प्रत्येकाचा बीपी आणि साखर तपासायची असते. गावागावांत याद्या करण्याचे काम आशाताई आणि नर्सताईच करतात. आमची विनंती एवढीच, की त्या यादीत पहिले नाव स्वतःचे लिहा. महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी पाळी बदलताना येणारीने जाणारीचा आणि जाणारीने येणारीचा बीपी मोजला तर दहा मिनिटे लागतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण केली तर पुढचा महिना चुकत नाही.

गोळीबद्दलचे गैरसमज

‘एकदा गोळी लागली की आयुष्यभराची’ या भीतीने अनेक जणी आकडा कळूनही गोळी टाळतात. खरे पाहता आयुष्यभराचा आजार असतो, गोळी त्यावरचा रोजचा उपाय आहे. वजन उतरले, मीठ कमी झाले तर काहींची मात्रा डॉक्टर कमीही करतात. ‘गोळ्यांनी किडनी जाते’ हेही उलटे आहे. किडनी वाढलेल्या बीपीने जाते, गोळी तिला वाचवते. अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन यांसारखी औषधे जुनी आणि स्वस्त आहेत, सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात. आकडा नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करणे ही सर्वांत जास्त होणारी चूक. आकडा गोळीमुळे नॉर्मल आला आहे.

आपल्या घरांत कलौंजी, मध, लसूण यांचा वापर होतो. अनेक जण हिजामाही करून घेतात. तिब्बे नबवीवर कोणाची श्रद्धा असेल तर त्या श्रद्धेचा आम्हाला आदर आहे. पण तीच श्रद्धा आपल्याला हेही शिकवते की अल्लाहने आजाराबरोबर इलाजही दिला आहे आणि तो शोधणे हे माणसाचे काम आहे. हिजामा करून घेतला म्हणून बीपीची गोळी बंद करू नका. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर हिजामापूर्वी डॉक्टरांना विचारा.

मीठ, पापड आणि केळी

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे सगळे मिळून एक छोटा चमचा. त्यात भाजी, भाकरी, लोणचे, फरसाण सगळे आले. खान्देशच्या ताटात ही मर्यादा सहज ओलांडली जाते. उन्हाळ्यात घरोघरी उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे, कुरडया होतात. पापडात मीठ असतेच, शिवाय पापडखारातही सोडियमच असते. त्यात भर शेवभाजीची. भाजीत मीठ, शेवेत मीठ, वरून पापड आणि लोणचे.

सगळे बंद करा असे आम्ही म्हणत नाही. भाकरीच्या पिठात आणि भातात मीठ टाकणे थांबवा. ताटात वरून मीठ घेऊ नका. पापड, लोणचे, फरसाण रोज नको, जुम्म्याला किंवा पाहुणे आल्यावर चालेल. लिंबू, लसूण, जिरे, कोथिंबीर, हिरवी मिरची यांनी चव भरून निघते आणि दोन-तीन आठवड्यांत जिभेला सवय होते. सैंधव मिठातही सोडियम जवळजवळ तेवढेच असते, त्याने फरक पडत नाही. बाजारातले ‘कमी सोडियम’चे मीठ पोटॅशियमचे असते. किडनीचा आजार असलेल्यांनी किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच वापरावे.

पोटॅशियमचे एक नैसर्गिक साधन जळगाव जिल्ह्यात सर्वांत स्वस्त मिळते, ते म्हणजे केळी. किडनी ठीक असेल आणि साखरेचा आजार नसेल तर ड्युटीच्या पिशवीत फरसाणाच्या पुडीऐवजी दोन केळी, मूठभर शेंगदाणे आणि ताकाची बाटली असावी, ताक बिनमिठाचे. खान्देशच्या उन्हात मे महिन्यात पारा 44-45 अंशांपर्यंत जातो. त्या दिवसांत पाणी भरपूर प्यावे. पण जुलाब-उलट्या नसताना ओआरएस सरबतासारखे पिऊ नये, त्यातही मीठ असते. लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर उन्हाळ्यापूर्वी एकदा डॉक्टरांना भेटावे.

वॉर्डात दिवसभर चालणे होते, मग वेगळे चालायचे कशाला? कारण वॉर्डातले चालणे थांबत-अडखळत आणि ताणाखाली होते. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास, दम थोडा लागेल इतक्या वेगाने, मनमोकळे चालणे वेगळे. गावात बायकांनी एकट्याने चालायचे म्हटले तर कोणी काही बोलेल असे वाटते. घरातल्या दोघी-तिघींनी मिळून फजरच्या नमाजनंतर निघावे. चार दिवसांत लोकांना त्याची सवय होते.

रमजान आणि रात्रपाळी

बीपी आटोक्यात असलेल्या अनेक जणी डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजे ठेवू शकतात. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी असेल तर ती इफ्तार किंवा सहरीच्या वेळी बसवता येते. पण हे वेळापत्रक आपल्या मनाने ठरवू नये. रमजानच्या महिना-दीड महिना आधी डॉक्टरांकडे जावे, म्हणजे गोळी बदलायची असेल तर सवय व्हायला वेळ मिळतो. रात्रपाळीत सहरी वॉर्डातच होते, तेव्हा डब्यासोबत गोळी आठवणीने न्यावी. इफ्तारीला भजी, समोसे आणि खारवलेले पदार्थ यांचा मारा होतो, त्याला हात आखडता घ्यावा.

बीपी खूप वाढलेला असेल, नुकताच पक्षाघात किंवा हृदयविकार झाला असेल, किंवा गरोदरपणात बीपी असेल तर डॉक्टर रोजा नको म्हणतात. अशा वेळी मन खट्टू करू नये. सूरह बकरहच्या 185 व्या आयतीत आजारी आणि प्रवासी यांना रोजे नंतरच्या दिवसांत पूर्ण करण्याची सवलत दिली आहे आणि अल्लाहला आपल्यासाठी सुलभता हवी आहे, असे सांगितले आहे. जे नंतरही ठेवणे शक्य नाही, त्याच्या फिदियाबद्दल आलिमांना विचारावे.

शरीराचा हक्क

परिचर्येचे काम इस्लामी इतिहासात मानाचे आहे. खंदकच्या लढाईत हजरत साद बिन मुआज (रजि.) जखमी झाले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना हजरत रुफैदा (रजि.) यांच्या तंबूत ठेवायला सांगितले. जखमींची सेवा करण्यासाठी या स्त्रीचा तंबू मस्जिदे नबवीत उभारलेला होता. आज रात्री दोन वाजता वॉर्डात फिरणारी आपली मुलगी त्याच परंपरेतली आहे, हे आपण अभिमानाने सांगतो.

त्या अभिमानाबरोबर दुसरी शिकवणही आठवायला हवी. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) रोज रोजा ठेवत आणि रात्रभर इबादतीत उभे राहत. प्रेषितांना (स.) हे कळले तेव्हा त्यांनी त्यांना थांबवले आणि शरीराचा, डोळ्यांचा आणि घरच्यांचाही माणसावर हक्क असतो, याची जाणीव करून दिली. इबादतीसाठी जागणाऱ्यालाही डोळ्यांच्या हक्काची आठवण दिली गेली. मग पगारासाठी आणि लोकांच्या सेवेसाठी जागणाऱ्या बाईच्या डोळ्यांचा हक्क कोण देणार? तो एकटीने देणे तिला शक्य नाही. तो घराने द्यायचा आहे.

रात्रपाळी करून सून सकाळी नऊला घरी येते. अशा घरांत पुष्कळदा काय होते? चूल तिची वाट पाहत असते. सासूबाईंची गोळी, मुलांचा डबा, धुणे, मग दुपारचा स्वयंपाक. ‘दुपारी पड थोडी’ असे म्हणतात आणि दुपारी पाहुणे येतात. संध्याकाळी ती परत ड्युटीला निघते. आठवड्यात अशा तीन-चार रात्री, आणि अशी वीस वर्षे. पुढे एके दिवशी पंचेचाळिसाव्या वर्षी तिचे तोंड वाकडे होते, हात लुळा पडतो. तेव्हा सगळे घर दवाखान्याच्या पायरीवर बसून दुआ करते. दुआ जरूर करावी, पण दुआच्या आधी करायच्या काही गोष्टी आपल्या हातात होत्या.

रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी तिला एका अंधाऱ्या खोलीत सलग पाच-सहा तास झोपू द्यावे. त्या वेळात टीव्हीचा आवाज नको, मोबाइल बाहेर ठेवावा, पाहुण्यांना सांगावे की ती झोपली आहे. त्या दिवशीचा स्वयंपाक दुसऱ्याने करावा, नवऱ्याने केला तरी बिघडत नाही. प्रेषित (स.) घरकामात मदत करत असत, हे आपण जुम्म्याच्या खुतब्यात ऐकतोच. तिच्या डब्यात भाजी आणि फळ आहे की नाही हे पाहावे. तिची गोळी संपण्याआधी आणून ठेवावी. महिन्यातून एकदा सरळ विचारावे, ‘बीपी किती आला?’ ‘बरा आहे’ हे उत्तर धरू नये, आकडा विचारावा.

शेवटी तातडीची लक्षणे. चेहरा एका बाजूला झुकणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, छातीत दाब, धाप, अचानक धूसर दिसणे, किंवा आकडा 180/120 च्या वर जाऊन यांपैकी काही होणे. अशा वेळी लक्षण कधी सुरू झाले ती वेळ लिहून ठेवावी आणि 108 क्रमांकाला फोन करून सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवण्याचे औषध साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि पहूरसारख्या गावाहून जळगाव गाठायलाच त्यातला वेळ जातो. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय जिभेखाली गोळी ठेवून बीपी झटकन उतरवू नये, त्याने मेंदूचा रक्तपुरवठा आणखी कमी होऊ शकतो.

आपल्या घरात, शेजारात किंवा नात्यात कोणी सिस्टर, नर्सताई, आशाताई असेल तर हा अंक तिच्या हाती द्या. तिला वाचायला वेळ नसेल तर ती झोपून उठल्यावर जेवताना वाचून दाखवा आणि त्या आठवड्यातच तिचा बीपी मोजून घ्यायला लावा. अल्लाह आपल्या सर्व सेवाभावी भगिनींना सलामत ठेवो. आमीन.